बेहडखिंडीच्या चौकीमागची नागली

धबधबा कुठं पळून जात नाही, जरा बसा. आणि निळ्या टोपीवाले, तुम्ही तेवढा त्या वाफ्यातून पाय काढा बरं. गवत नाही ते, नागली आहे, तुमची नाचणी. पोलिसांची आहे म्हणून नाही सांगत, कणसरीची आहे म्हणून सांगतो. कणसरी म्हणजे आमची धान्याची आई. तिच्या अंगावर चप्पल नको.

ही बेहडखिंडीची पोलीस चौकी. कौलारू छप्पर, पुढं झेंड्याचा खांब, बाजूला जप्तीच्या दोन मोटारसायकली गंजत पडल्यात. एवढं सगळ्याच चौक्यांत असतं. पण मागच्या अंगाला असा घोंगडीएवढा वाफा, आणि गणवेशातला शिपाई त्यात वाकून निंदणी करतोय, हे दुसरीकडं कुठं पाहिलं असेल तर मला सांगा, मी एसटीनं बघायला येतो. दरवर्षी ही नागली पोलिसांनीच लावायची आणि पोलिसांनीच राखायची. ती पिकली, की चौकीचा जो कोणी मोठा साहेब असेल त्याचे हात आमच्या पाड्यावरची सगळ्यात म्हातारी बाई नागलीच्या काडाच्या दोरीनं बांधते. मग तारपा वाजवत त्याला त्या समोरच्या आंब्याखाली नेतात. तोवर पाड्यावर कुणीही नवं धान्य तोंडात घालत नाही. या सणाचं नाव 'तारीख'. कोर्टाची असते ना, तीच तारीख. लोकांना तारीख आली की घाम फुटतो, आमच्या बाया नवी लुगडी काढतात.

हे कसं झालं ते सांगतो. मी काही तेव्हा नव्हतो. मला माझ्या आजीनं सांगितलं, तिला तिच्या आजीनं. कुठं मीठ जास्त पडलं असेल तर ते माझ्या आजीच्या हातचं समजा.

तो समोरचा उतार दिसतो ना, त्याला कणसरमाळ म्हणतात. कणसरी पहिल्यांदा या डोंगरात आली तेव्हा चालून चालून दमली आणि तिथं टेकली, असं सांगतात. ती उठून गेली, पण तिच्या ओच्यातलं बी सांडलं ते तिथंच राहिलं. खरंखोटं तिला ठाऊक. पाड्यावर त्या काळी सतरा घरं होती आणि सतरा घरांचा राब त्या माळावरच, एकाच जागी. राब म्हणजे काय, तर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून भाजायचं आणि त्या राखेत बी टाकायचं. वीतभर रोपं झाली की उपटून उतारावर लावायची. सतरा घरांचं सगळं बी त्या एका राबात पडायचं, आणि तो राब राखायची नवशी.

नवशी म्हणजे माझ्या आजीच्या आजीची आई. बुटकी बाई, नवरा लवकर गेलेला. आवाज म्हणे असा, की तिनं इकडून हाक मारली की पलीकडच्या डोंगरातली गुरं चरायची थांबायची. सगळ्यांना अरेतुरे करायची. भगताला तू, देवाला तू. तिच्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता हो.

राज्य कुणाचं होतं ते मात्र नक्की सांगता येत नाही. कुणी म्हणतं राजाचं, कुणी म्हणतं गोऱ्या साहेबाचं. आमच्यापर्यंत फक्त त्यांचे दगड यायचे. एका वर्षी जंगलाचा साहेब माणसं घेऊन आला आणि पाड्याच्या कुंपणाला लागून हद्दीचा दगड रोवून गेला. दगडाच्या वरचं सगळं जंगल, खालचं तुमचं. कणसरमाळ सगळा वर गेला. पाड्यावरच्यांना वाटलं, रोवला तर रोवला, दगड काय नांगर धरायला येणार आहे का. त्यांनी नेहमीसारखा राब भाजला आणि बी टाकलं. आषाढात रोपं वीतभर झाली तेव्हा जंगलसाहेबानं चौकीवर फिर्याद दिली: नवशी नावाच्या बाईनं सरकारी जंगल तोडून घुसखोरी केली, तिला धरा.

चौकीवर तेव्हा घारे नावाचे फौजदार होते. देशावरचे, शेतकऱ्याच्या घरातले, जोंधळा आणि बाजरी ओळखणारे. माणूस वाईट नव्हता, पण कागदात लिहिलेलं करायचं आणि न लिहिलेलं बघायचं नाही, असा त्यांचा खाक्या. ते चार शिपाई घेऊन राबावर आले. जंगलसाहेब म्हणाला, सगळी रोपं उपटून फेका. फौजदार म्हणाले, फेकता येणार नाही, थोडी मुद्देमाल म्हणून जप्त करावी लागतील. म्हणजे पुरावा. खटला चालेल तेव्हा तो मॅजिस्ट्रेटसमोर ठेवायचा असतो.

नवशी एवढंच म्हणाली, "नेतोस तर ने. पण मुळाशी माती राहू दे."

फौजदारांनी कुदळ मागवली आणि स्वतःच खणलं. एक टोपलीभर रोपं मातीसकट काढली. बाकीची जंगलसाहेबाच्या माणसांनी तिथल्या तिथं तुडवून टाकली. सतरा घरांचं बी होतं ते, कणगीत मूठभरही मागं ठेवलेलं नव्हतं. उताराचं बी उतारावरच टिकतं, बाजारात मिळत नाही. आता त्या डोंगरावरची सगळी कणसरी त्या एका टोपलीत होती आणि टोपली चालली होती चौकीला. बाया रडल्या म्हणे. नवशी रडली नाही. ती सबंध वाट टोपलीकडं बघत चालली.

चौकीत नवशीला कोठडीत घातलं आणि टोपली कोपऱ्यात ठेवली. मॅजिस्ट्रेटचा मुक्काम पावसाळ्यानंतर कार्तिकात व्हायचा. फौजदारांनी वहीत लिहिलं, 'मुद्देमाल: नागलीची रोपे, एक टोपली, जिवंत.' तो शेवटचा शब्द त्यांनी का लिहिला देव जाणे, पण लिहिला. आणि मुद्देमाल जसा जप्त केला तसाच हजर करायचा, असा नियम.

आता इथं एक आमच्यातली गोष्ट सांगायला हवी. उपटलेलं रोप लावायच्या आधी घरात पडून असेल तर त्या छपराखाली चूल पेटत नाही. लेकरू उपाशी असताना आईनं जेवायचं नाही, तसं ते. नवशीनं कोठडीत दिलेल्या शिळ्या भाकरीलाही हात लावला नाही. फौजदारांना वाटलं, बाई हट्टाला पेटली, भूक लागली की खाईल. पण चौकीचा आचारी होता काकड्या, आमच्याच पलीकडच्या पाड्यावरचा. संध्याकाळी फौजदार जेवायला बसले तर ताट रिकामं. काकड्या हात बांधून उभा. म्हणाला, "साहेब, छपराखाली कणसरी उपटून पडलीय. चूल कशी पेटवू?"

फौजदारांनी त्याला फैलावर घेतलं. काकड्यानं मान खाली घातली, पण चूल काही पेटवली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. फौजदारांनी शिपायाला चूल पेटवायला सांगितलं, तर तो निघाला काकड्याचा साडू. दोन दिवस बेहडखिंडीचं पोलीस खातं चणे आणि गूळ खाऊन कायदा राखत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी फौजदार टोपलीपाशी येऊन उभे राहिले. रोपांनी माना टाकलेल्या. वहीत तर 'जिवंत' लिहिलेलं. पोटात कावळे कोकलत होते. त्यांनी अंगरखा खुंटीला टांगला, कुदळ घेतली आणि चौकीच्या मागं जमीन खणायला लागले.

कोठडीची खिडकी नेमकी त्याच अंगाला. नवशी गजाला तोंड लावून बघत होती. फौजदारांनी पहिलं रोप लावलं आणि तिचा आवाज आला, "एवढं खोल नको रे, मढं पुरतोस का?" फौजदारांनी वर बघितलं. शिपाई थिजले. फौजदारांनी रोप काढलं आणि वर घेऊन पुन्हा लावलं. "आता बरं," नवशी म्हणाली. मग सबंध सकाळ ती खिडकीतून सांगत होती आणि पोलीस लावणी करत होते. लांब लाव, जवळ लाव, तुझ्या बापानं कधी माती बघितली होती का, सगळं. शेवटचं रोप लागलं तशी काकड्यानं न सांगता चूल पेटवली. त्या दिवशी फौजदारांनी पाच भाकरी खाल्ल्या असं सांगतात. माझी आजी सात म्हणायची.

मग निंदणीची वेळ आली. फौजदारांना तण कुठलं आणि नागली कुठली ते कळेना, दोन्ही पोरवयात सारखीच दिसतात. तेव्हा रोज सकाळी नवशीला बाहेर काढायचे, ती वाफ्यात बसायची आणि फौजदार तिच्या शेजारी. ती गाणं म्हणायची, ते तण काढायचे. हे बघायला पाड्यावरची माणसं काही ना काही कारण काढून खिंडीत यायची.  पहिल्याच पंधरवड्यात कोठडीला कुलूप लावायचं बंद झालं म्हणे. नवशी तरी पळून कुठं जाणार, तिची सगळी इस्टेट त्या वाफ्यात होती.

पाड्यानं तो पावसाळा कंदमुळांवर काढला. ते हसून सांगायची गोष्ट नाही. वर उतार ओसाड आणि खाली वाफा रोज बोटभर वाढतोय, एवढाच काय तो आधार होता.

कार्तिक आला. आंब्याखाली टेबल मांडलं, मॅजिस्ट्रेट बसले. जंगलसाहेबानं सांगितलं, हा उतार म्हणजे खडक आणि झुडपं. इथं कधी काही पिकलं नाही. यंदाच हे लोक झाडी तोडून घुसले.

मॅजिस्ट्रेटनी नवशीला विचारलं, "गुन्हा कबूल?"

"पेरलं हे कबूल," नवशी म्हणाली. "गुन्हा कुठला तो तुझा तू शोध."

मुन्शीच्या हातातला बोरू थांबला. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, किती वर्षं पेरता? ती म्हणाली, मी मोजलं नाही आणि माझ्या सासूनंही मोजलं नाही. सतरा घरांची माणसं एकामागून एक उभी राहिली, सगळ्यांनी तेच सांगितलं. मॅजिस्ट्रेट म्हणाले, ही तर सगळी घरचीच माणसं. बाहेरचा कोणी साक्षीदार आहे का, ज्यानं हे डोळ्यानं बघितलंय?

 बाहेरचं माणूस आमच्याकडं येत कशाला होतं? नवशीनं पहिल्यांदा मान खाली घातली. तेव्हा घारे फौजदार पुढं आले आणि म्हणाले, "मी बघितलंय."

त्यांनी सांगितलं, रोपं काढायला मी स्वतः खणलं. एका वर्षाच्या भाजणीची राख पाऊस पडून बोटभरही उरत नाही. त्या राबात माझा हात कोपरापर्यंत काळा झाला आणि तरी खालची लाल माती लागली नाही. एवढी राख साचायला किती पिढ्या लागतात ते मी शेतकऱ्याचा मुलगा असून मला कळायला हवं होतं. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, मग पंचनाम्यात का नाही लिहिलं? फौजदार म्हणाले, "कुणी विचारलं नाही म्हणून. चार महिने हिच्या शेजारी बसून तण काढलं, तेव्हा लाज वाटली."

जंगलसाहेब भडकला. म्हणाला, या माणसाच्या शब्दाला किंमत काय? चौकीची जागा सरकारी, तिथं यानं विनापरवाना नांगरलं, पेरलं आणि पीक काढलं. बाईवर जो गुन्हा तोच याच्यावर. मॅजिस्ट्रेटनी कागद चाळले आणि म्हणाले, बरोबर आहे. फौजदार, आरोपीच्या जागी उभे राहा. फौजदार मुकाट्यानं नवशीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. जंगलसाहेब म्हणाला, आरोपी आहे तर हात बांधा. शिपाई एकमेकांकडं बघू लागले. बेड्यांच्या पेटीची किल्ली फौजदारांच्याच कमरेला होती, ती कुणी मागायची?

नवशीनं वाफ्यात जाऊन चार काडं ओढून आणली, उभ्याउभ्या दोरी वळली आणि फौजदारांच्या मनगटांना गुंडाळली. इतकी सैल, की शिंक आली असती तरी सुटली असती. "घट्ट नाही ना होत?" तिनं विचारलं.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "फौजदार, गुन्हा कबूल?"

फौजदारांनी नवशीकडं बघितलं आणि म्हणाले, "पेरलं हे कबूल."

आधी हसले ते मॅजिस्ट्रेट, असं सांगतात. मग सगळा आंबा हसला. हसणं ओसरलं तसे मॅजिस्ट्रेट उठले, वाफ्यात गेले, पिकलेलं एक कणीस तळहातावर चोळून फुंकर मारली आणि दाणे तोंडात टाकणार तोच नवशीनं त्यांचा हात धरला. आधी कणसरीला, मग तुला. ते थांबले. तिथंच उभं राहून त्यांनी निकाल दिला. हिला शिक्षा करायची तर यालाही करावी लागेल, आणि याला केली तर कोठडीला कुलूप लावायला माणूस उरणार नाही. मेलेला पुरावा मी पुष्कळ बघितला, जगवलेला आज बघतोय. मुद्देमाल मालकिणीला परत द्या आणि हद्दीचा दगड उताराच्या माथ्यावर न्या. तो दगड आजही तिथं हिरड्याखाली आहे, उतरताना बघा.

जाता जाता मॅजिस्ट्रेट नवशीला म्हणाले, "बाई, बाहेरचा साक्षीदार राखत जा. दरवेळी फौजदार मिळेलच असं नाही."

नवशीनं ते मनावर घेतलं. तिनं त्यांना जाऊच दिलं नाही. दोन मुठी दाणे दळले, काकड्याच्या चुलीवर भाकऱ्या थापल्या. पहिला घास कणसरीला आणि पहिली भाकर मॅजिस्ट्रेटला. दुसरी घेऊन ती जंगलसाहेबासमोर उभी राहिली. तो नको म्हणाला. मग वास आला. मग त्यानं घेतली. "खा," नवशी म्हणाली, "तूही बाहेरचाच ना." त्या दिवशी तारपा वाजायला लागला तो सूर्य डोंगराला टेकला तरी थांबला नव्हता, आणि फौजदार हातात तुटकी दोरी घेऊन फेऱ्यात नाचत होते म्हणे.

उरलेलं बी सतरा घरांनी मूठमूठ वाटून घेतलं. पुढच्या वर्षी कणसरमाळ पुन्हा हिरवा झाला. घारे फौजदारांची बदली झाली, तेव्हा त्यांनी चार्ज देताना यादीत लिहिलं: बंदुका दोन, बेड्या चार, वाफा एक. यादीत लिहिलेलं पुढच्या फौजदाराला सांभाळावंच लागतं. त्यानं सांभाळलं, त्याच्या पुढच्यानंही. असा हा वाफा चालत आला.

आजही ती ओळ यादीत आहे. यंदाच्या उन्हाळ्यात आल्या त्या फौजदारीणबाई भाताच्या मुलखातल्या. यादी वाचून म्हणाल्या, वाफा एक म्हणजे काय? शिपायानं त्यांना मागं नेलं. आषाढात त्या बूट काढून वाफ्यात उतरल्या, तर कुंपणावरून आमची चैतीआजी, पाड्यावरची सगळ्यात म्हातारी, ओरडली, "एवढं खोल नको ग, मढं पुरतेस का?" बाई काय हसल्या. रोप काढून पुन्हा लावलं त्यांनी. आता येत्या तारखेला चैतीआजी त्यांचे हात बांधील, विचारील, गुन्हा कबूल? आणि त्या म्हणतील, पेरलं हे कबूल. आजवर दुसरं उत्तर कुणी दिलेलं नाही.

निकाल तेव्हाच लागला, मग अजून हे कशाला, असं तुमच्या मनात येत असेल. अहो, दगड एकदा हलतो तसा पुन्हाही हलतो. पाड्यावर काहींना वनपट्टे, म्हणजे जंगलातल्या जमिनीच्या हक्काचे कागद, मिळाले, माझा दावा अजून फायलीत आहे. पोरीनं कागद तीनदा दिलेत, चौथ्यांदाही देईल. मागच्या वर्षी मोजणीची टेप घेऊन एक जण आला, उताराकडं न बघताच म्हणाला, इथं काही पिकत नाही. त्यालाही बसवला होता मी, इथंच, तुम्ही बसलात तिथं.

ती बघा, सून टोपली घेऊन आली. गेल्या सालची नागली आहे, कणसरमाळावरचीच. खिंडीत आलेलं बाहेरचं माणूस ही भाकर खाल्ल्याशिवाय पुढं जात नाही, नवशीपासूनची रीत आहे. घ्या, गरम आहे, चटणी आहे सोबत. टोपीवाले, तुम्ही दोन घ्या, वाफ्यात पाय घातला होता. आता उद्या तुमच्या शहरात कुणी म्हणालं, की कणसरमाळावर खडकाशिवाय काही नाही, तर तुम्हाला गप्प बसता येणार नाही. तुम्ही खाल्लीय.